मास्तरांचं विमान

ब्रशच्या टोकानं मास्तरीणबाईंनी निळा पट्टा ओल्या कागदावरून हळूच सरकवला आणि श्वास रोखून विमानाच्या कुशीवर उतरवला. पट्टा अर्ध्यावर दुमडला. त्यांनी वर पाण्याचा थेंब सोडला, सुईनं कड उचलली आणि पुन्हा बसवला. इवल्या खिडक्यांच्या खालून, नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा तो पट्टा केसभर जरी तिरका गेला असता, तरी सगळं विमानच वाकडं दिसलं असतं. आणि आज ते वाकडं दिसून चालणार नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत मास्तर एका जुन्या, मोडक्या विमानाचं सुटं इंजिन काचपेपरनं घासत बसले होते. ते इंजिन कधीचंच गुळगुळीत झालं होतं. रोज सकाळी मास्तरीणबाई ते त्यांच्या हातात द्यायच्या आणि जेवायच्या वेळी काढून घ्यायच्या.

"झालं का बघ गं," मास्तरांनी इंजिन पुढे केलं.

"अजून थोडं. या बाजूला जरा खरखरीत लागतंय."

मास्तरांनी मान डोलावली आणि पुन्हा घासायला लागले. खोटं बोलण्यात बाई आता चांगल्याच तरबेज झाल्या होत्या.

तसं त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून गल्लीनं त्यांना मास्तरीणबाई करून टाकलं होतं, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती. मास्तरांना मात्र मुलांना आंबे-पेरू काढायला शिकवण्यापेक्षा प्लॅस्टिकची विमानं जोडण्यात जास्त रस होता. लढाऊ नव्हेत, प्रवासी. बाहेरच्या खोलीच्या तिन्ही भिंतींवर फळ्या ठोकलेल्या होत्या आणि फळ्यांवर विमानतळ भरला होता. त्यांतल्या एकाही विमानात मास्तर आयुष्यात बसले नव्हते. बाईंनी इतकी वर्षं ती विमानं नुसती पुसली होती, आणि पुसताना त्यांच्या नावानं बोटं मोडली होती.

आता गोष्ट वेगळी होती. मुलगी यायला निघाली होती, आणि उद्या सकाळपर्यंत तिला स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेला हो की नाही ते कळवायचं होतं. संस्थेत मास्तरांसाठी एक खाट राखून ठेवलेली होती.

मुलीचं काही चुकत होतं असंही नाही. मास्तर एकदा कुणाला न सांगता घराबाहेर पडले. त्यांच्यामागे धावताना मास्तरीणबाई जिन्यावरून कोसळल्या आणि हात प्लॅस्टरमध्ये गेला. मास्तर बसडेपोत सापडले. तिथं ते एका ड्रायव्हरला शाळेचा रस्ता विचारत होते. मुलगी धावत आली, आईचा हात बघून मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. "बाबांपायी एक दिवस तू जाशील," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग तिघं मिळून ती संस्था बघून आली. स्वच्छ फरशी, पांढऱ्या भिंती, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर माणसं. बंद टीव्हीकडे तोंड करून बसलेली. कुणी वाईट वागत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. मास्तरांनी बायकोचं मनगट पकडलं ते घरी पोचेपर्यंत सोडलं नाही. हातावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. माणूस तिथं राहिला तर आठवड्यात विझेल, अशी बाईंची खात्री होती. आणि आपण इथं एकट्यानं काय करायचं, हे तर त्यांना सुचतच नव्हतं.

"तू म्हणतेस तेवढं काही झालेलं नाही गं त्यांना," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "अजून विमानं करतात."

"अलीकडे पुरं केलेलं एक तरी दाखव, आई. मग मी त्या जागेचं नाव काढणार नाही."

मुलगी वैतागून बोलून गेली होती. आईनं तो शब्द गाठीला बांधला.

मास्तरांच्या कपाटात विमानाच्या सुट्या भागांचा एक न फोडलेला खोका होता. मास्तरीणबाईंनी तो आधी नवऱ्यापुढेच ठेवला. मास्तरांनी तो मोठ्या उत्साहानं उघडला, जोडणीचं माहितीपत्रक सवयीनं टराटरा फाडून टोपलीत टाकलं, कारण पत्रक वाचून विमान जोडणाऱ्यांची ते आयुष्यभर टिंगल करत आले होते, आणि मग सुट्या भागांकडे बघत तसेच बसून राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक चाक तेवढं कापून काढलं. ते चाक घेऊन ते घरभर हिंडले आणि शेवटी ते त्यांनी खिशात ठेवून दिलं.

तेव्हा बाईंनी ते चाक खिशातून काढून घेतलं आणि स्वतःच पदर खोचला. खोक्यावरचं चित्र आणि चहा देता-घेता डोळ्यांना दिसलेलं नवऱ्याचं काम, एवढंच त्यांचं भांडवल. पहिल्याच दिवशी पंखावर गोंदाचा अंगठा उमटला. पांढरा रंग ओघळला, तो खरवडून पुन्हा दिला, तो पुन्हा ओघळला. नुकत्याच प्लॅस्टरमधून सुटलेल्या हातानं त्या पुट्टी भरत होत्या, घासत होत्या, चिकटपट्टी लावून कडा झाकत होत्या. नाकी नऊ आले. पण हळूहळू विमान विमानासारखं दिसायला लागलं, आणि एकदा तर शेपटीची निळी कड इतकी स्वच्छ उठली की आपण हे कशासाठी करतोय ते विसरून त्या स्वतःशीच हसल्या.

आज फक्त पट्टा आणि चाकं राहिली होती. पट्टा बसला. चाकं वाळली. मास्तरीणबाईंनी टेबलावर स्वच्छ लाकडी फळी ठेवली आणि विमान दोन्ही हातांनी तिच्यावर उभं केलं.

विमान क्षणभर उभं राहिलं. मग त्याचं नाक वर गेलं आणि शेपटी टक्‌कन फळीवर टेकली.

त्यांनी ते सरळ केलं. ते पुन्हा शेपटीवर बसलं. चाक तिरकं लागलं असेल म्हणून त्यांनी पट्टी लावून मोजलं. चाकं सरळ होती. पंख सरळ होते. फळी बदलून बघितली. विमान हट्टी पोरासारखं नाक वर करून बसलं ते बसलंच. फळ्यांवरची बाकीची सगळी विमानं तिन्ही चाकांवर निमूट उभी होती.

मुलगी टॅक्सीत बसल्याचा फोन येऊन गेला होता.

"अहो," त्या नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "अहो, हे असं का करतंय? माझं काय चुकलं?"

मास्तर घासत राहिले.

त्यांनी मास्तरांच्या हातातलं इंजिन काढून घेतलं आणि त्यांचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. "एकदाच सांगा. बाकी काही नको मला. एवढं एकदा सांगा, काय राहिलंय यात?"

मास्तर त्यांच्याकडे बघून हसले. ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं, पण नाव न आठवल्यासारखं. मग त्यांची बोटं इंजिन शोधायला लागली. मास्तरीणबाईंनी ते परत दिलं आणि तिथंच फरशीवर बसून, तोंडावर हात दाबून त्या रडल्या.

दारावरची बेल वाजली तेव्हा त्यांनी पुढच्या चाकाखाली गोंदाचा थेंब टाकून विमान फळीला चिकटवलं होतं. तोंडही धुतलं होतं.

मुलगी आत आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि टेबलाजवळच थांबली. ती वाकून बघायला लागली. निळा पट्टा, खिडक्या, शेपटीची कड. तिच्या चेहऱ्यावरचा प्रवासाचा शीण उतरत गेला.

"हे बाबांनी केलं?"

"मग काय मी?" आई म्हणाली.

मुलगी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. "बाबा, किती सुंदर झालंय," म्हणत तिनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "मलाही नव्हतं गं त्यांना तिथं पाठवायचं," ती आईला म्हणाली. तिनं पर्समधून फोन काढला. "आत्ताच सांगून टाकते संस्थेला. जागा नको म्हणून."

बाई तिच्यासाठी पाणी आणायला वळल्या.

त्याच वेळी मास्तर उठले. इंजिन त्यांनी खुर्चीवर ठेवलं, टेबलाशी आले आणि विमानाच्या शेपटीवर एक बोट टेकवलं. गोंद सुटला. नाक वर गेलं, शेपटी खाली बसली. मास्तरांनी विमान उचललं, तळव्यावर तोललं आणि कानाशी नेऊन हलवलं.

"नाकात वजन घातलेलं नाही," ते म्हणाले.

आवाज वर्गातला होता. स्वच्छ, खणखणीत. घरात तो कितीतरी दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

"दोन्ही बाजू चिकटवायच्या आधी नाकात शिशाच्या गोळ्या भरायच्या. नाही तर प्रवासी विमान शेपटीवर बसतं. सगळा भार मागे असतो त्याचा."

मुलीचा अंगठा फोनवर थांबला. तिनं आईकडे बघितलं. लहानपणी त्या गोळ्या ती स्वतः चमच्यानं भरायची, आणि बाबा शेजारी उभे राहून एकेक मोजून घ्यायचे. आई त्या वेळी स्वयंपाकघरात असायची.

मास्तर बायकोकडे वळले. "हे तुम्ही केलंत?"

नाही म्हणता आलं असतं. मास्तरीणबाईंनी मुलीच्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. इतकं सरळ त्यांच्याकडे मास्तरांनी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"हो. मीच केलं."

मास्तरांनी विमान उजेडाकडे धरून फिरवलं. "पट्टा सरळ बसलाय. शेपटीची कडही छान. हात चांगला आहे तुमचा, बाई. पहिल्या विमानात वजन सगळ्यांचंच राहतं, वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी विमान अलगद खाली ठेवलं. "घरी कुणी आहे का, हे काम येणारं?"

"आहेत. माझे यजमान."

"मग त्यांना विचारायचं ना आधी."

"विचारलं होतं."

मास्तरांनी समजुतीनं मान हलवली. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. फोन तिनं छातीशी धरला होता.

"असू दे," मास्तर म्हणाले. "उद्या या तुम्ही. मी दाखवीन. मी इथंच असतो."