नाही म्हणणारा खटका

धाकट्याचा पाय बोट आणि धक्का यांच्यामध्ये सापडला, तेव्हाचं मी काहीही पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी तिथून हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर होतो. फळ्यांखाली, गिअरबॉक्सच्या कडेला, माझ्या नेहमीच्या जागी. पण माझ्या दोन्ही वायरी त्या वेळी माझ्यापासून सोडवून एकमेकींना पिळून ठेवलेल्या होत्या. वायर नसलेल्या खटक्याला कुणी काही विचारत नाही, आणि ज्याला विचारलंच नाही त्यानं साक्षीदार म्हणून मिरवू नये.

मी एक खटका बोलतोय. अंगठ्याच्या पेराएवढा देह, त्याला स्प्रिंगवर वरखाली होणारं पितळी बोंड, अंगावर चार स्क्रूंनी बसवलेलं पत्र्याचं झाकण. नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेणाऱ्या एका बोटीत माझा मुक्काम आहे. चालकानं चावी फिरवली की हुकूम निघतो तो सेल्फकडे, म्हणजे इंजिनाला पहिला गरका देणाऱ्या मोटरकडे. वाटेत त्याला माझ्यातून जावं लागतं. मी फक्त एवढंच पाहतो की गिअरचा दांडा मध्यावर, न्यूट्रलला, आहे की नाही. असेल तर हुकूम सोडतो. नसेल तर अडवतो, कारण गिअरमध्ये असलेली बोट सुरू होताक्षणी उडी मारते.

चालकाच्या हाताशी असलेलं हँडल काय म्हणतं, याच्याशी मला कर्तव्य नाही. हँडल आणि दांडा यांच्यामध्ये एक लांब केबल आहे. मध्यस्थाच्या तोंडी निरोपावर विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात बसत नाही.

हा स्वभाव जन्मजात आहे. कारखान्यात माझी जुळणी पूर्ण होताच एका यंत्रानं माझं बोंड पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. म्हणजे जन्मल्याबरोबर माझ्यावर संशय घेतला गेला, आणि तो टिकला नाही म्हणून मला पास करण्यात आलं. यापेक्षा अधिक प्रामाणिक बारसं मला ठाऊक नाही.

बोट दोघा भावांची. थोरला चालवायचा, धाकटा पुढच्या टोकाला दोर धरून उभा असायचा आणि इंजिन सुरू झालं की दोर सोडायचा. सुरुवातीची वर्षं माझी चांगली गेली. पुढे कधीकधी मला नाही म्हणावं लागू लागलं. हँडल मध्यावर असायचं, पण माझ्यासमोरचा दांडा किंचित पुढे झुकलेला असायचा. थोरला हँडल हलवायचा, दांडा जागेवर यायचा, मी हो म्हणायचो. असं चार-दोनदा झाल्यावर एका गर्दीच्या दिवशी त्यानं फळी उचलली, माझं झाकण काढलं, "हा खराब झालाय" असा निकाल दिला आणि माझ्या वायरी परस्परांत जोडून टाकल्या.

मी काय पाहत होतो, हे त्यानं विचारलं नाही. तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधलं की तक्रार मिटते, असा माणसांचा एक जुना समज आहे.

त्यानंतर कधीतरी ते घडलं. पुढचं सगळं ऐकीव आहे, आणि ते त्याच मोलानं घ्यावं. थोरल्याचं म्हणणं असं, की हँडल न्यूट्रललाच होतं; धाकट्यानं घाई केली, दोर आधीच सोडला, आणि प्रवाहानं बोट ओढली. धाकट्याचं म्हणणं असं, की दोर हातातच होता. बोटीनं उडी मारली. दोघंही शपथेवर बोलत होते. पण दोन खरी माणसं एकाच गोष्टीत मावत नाहीत अशी लोकांची समजूत असते. त्यांना एक खोटा लागतो, आणि लंगडणारा माणूस त्या कामी सोयीचा पडतो. निष्काळजी धाकटा, असंच सगळे म्हणू लागले. त्यानं बोटीत पाऊल टाकणं सोडलं आणि धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत जाऊन बसला. भावाभावांत उरली ती फक्त कामापुरती वाक्यं.

मग थोरल्याचा खांदा धरला. चाक वळवणं जमेना, वाकणं तर दूरच. बोट कोणी चालवायची, हा प्रश्न आला. धाकट्यानं एकदा, नजर दुसरीकडे ठेवून, आपण पाहू का असं विचारलं. थोरल्यानं परस्पर बायकोला परवान्याच्या परीक्षेला बसवलं. ती पहिल्या फटक्यात पास झाली. तिला मी वहिनी म्हणतो, कारण खिडकीतून हाक येते ती तशीच.

याच सुमारास मला कुणीतरी पुन्हा जोडलं. नेमकं कधी, ते सांगता येणार नाही. वीज नसताना मला काळ कळत नाही. पान्याचा आणि पक्कडीचा स्पर्श मी ओळखतो, हात ओळखत नाही. एका सकाळी चावी फिरली आणि हुकूम माझ्यातून गेला. वायरींना नवी टोकं बसवली होती, नीट आवळली होती. काम चोराचं नव्हतं. मात्र चोरून केलेलं होतं. दांडा मध्यावर होता, मी वाट सोडली. पुढेही सोडत राहिलो. कुणाला पत्ता लागला नाही.

वहिनीनं माणसं घेऊन पहिल्यांदा निघायचं, त्या सकाळी मी अडवलं.

चावी फिरली, आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. पुन्हा फिरली. धक्क्यावर रांग उभी होती. कुणीतरी विचारलं की आज पोहत जायचं काय. दुसऱ्या एकानं, जरा ऐकू जाईल अशा बेतानं, बाईच्या हातात चावी दिली की असंच व्हायचं असं म्हटलं. वहिनीनं मान वळवून सांगितलं, "मग तुम्ही उतरा पाण्यात आणि ढकला. मी चाक धरते." रांग हसली. थोरला हसला नाही. तो खिडकीकडे पाहत होता.

"काल संध्याकाळपर्यंत चालत होती," तो म्हणाला. "एका रात्रीत आपोआप काही बिघडत नाही." आणि मग खिडकीच्या दिशेनं, "तिथे बसून काय बघतोस? ये की, तुझीच करामत असेल तर जवळून बघ."

इतक्या वर्षांत प्रथमच, निदान सगळ्यांदेखत, धाकटा बोटीत उतरला. इंजिनाच्या खड्ड्यावरून एक आडवा पाइप गेला आहे; त्याच्या अपघातानंतर बसवलेला. नवखा माणूस तिथे हटकून डोकं आपटतो. धाकटा बोलता बोलता, वर न पाहता, त्याखालून वाकून आला. हे मी नोंदवून ठेवलं.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. थोरल्यानं आधीच निदान करून ठेवलं होतं: सेल्फ अडकलाय, हातोडीनं दोन ठोके द्या. मिस्त्री म्हणाला की हातोडी शेवटी; तिचं एकदा ऐकलं की बाकी कुणाचं ऐकू येत नाही. त्यानं भोंगा वाजवला. भोंगा खणखणीत वाजला. बॅटरीवर मीटर लावून वहिनीला चावी फिरवायला सांगितली. काटा जागचा हलला नाही. "बॅटरी भरलेली आहे," तो म्हणाला, "पण तिच्याकडे कुणी काही मागतच नाहीये." मग सेल्फच्या बारीक वायरीला त्यानं टेस्टचा बल्ब लावला. चावी फिरवली तरी बल्ब पेटला नाही. म्हणजे सेल्फ निर्दोष. हुकूमच पोचत नव्हता. आता तो वायरीचा माग काढत उलटा, चावीच्या दिशेनं सरकू लागला. फ्यूज शाबूत होता. मग तो माझ्यापर्यंत आला.

झाकण उघडायला काय लागेल हे त्यानं अजून सांगितलंही नव्हतं, तोवर वहिनीनं पेटीतला बारीक चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. हेही मी नोंदवलं.

माझ्यात येणाऱ्या वायरीवर बल्ब पेटला. माझ्यातून जाणाऱ्या वायरीवर पेटला नाही.

"सापडला चोर," मिस्त्री म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. ह्या दोन वायरी एकत्र केल्या की सुटलो."

"एकत्रच होत्या की त्या," थोरला वरून म्हणाला. "सोडवल्या कुणी?"

कधीकधी एखादं वाक्य बोलणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्याला कळतं. धाकटा खड्ड्याच्या कडेला बसला होता. तो हळूच उठला.

"एकत्र होत्या? कधीपासून?"

थोरल्यानं खांदा चोळला. मग म्हणाला की बरीच वर्षं झाली. तो खटका खराब होता, उगाच अडवायचा. आणि हो, त्याच्या आधीपासून. त्याच्या म्हणजे कशाच्या, ते त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मिस्त्रीनं पक्कड हातात घेतलीच होती. माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा माझं तोंड बांधलं जाणार होतं, आणि या वेळी पुढच्या टोकाला कोण उभं असणार होतं, कोण जाणे. तेवढ्यात वहिनीनं विचारलं, "पण हा बसवलाय कशाला?"

मिस्त्रीनं सांगितलं, बोट गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून.

"मग तो तेच सांगत असेल. बघा आधी."

"अगं, हँडल मध्ये आहे," थोरला म्हणाला. "दिसत नाही का?"

"हँडल दिसतंय. खालचं दिसत नाहीये. माणसं मी नेणार आहे."

मिस्त्री कुरकुरत पोटावर पालथा झाला आणि टॉर्च घेऊन माझ्या तोंडासमोर डोकावला.  मग हात लांब करून त्यानं दांडा चाचपला. दांडा मध्यावर नव्हता. चांगला अंगठाभर पुढे होता. केबलच्या टोकाचा नट झिजून मागे सरकला होता. वर हँडल न्यूट्रल दाखवत होतं. खाली बोट पुढे जायला तयार उभी होती.

"ह्या वायरी जोडून चावी मारली असती ना," तो तसाच पालथा म्हणाला, "तर बोट धक्क्यावर चढली असती."

त्यानं दांडा हातानं मागे रेटला. माझं बोंड आत गेलं. वहिनीनं चावी फिरवली आणि पहिल्या गरक्यात इंजिन लागलं. तिनं ते लगेच बंद केलं.

"त्या दिवशी हँडल मध्येच होतं ना, दादा?" धाकट्यानं विचारलं.

"मध्येच होतं. मी तेच सांगत आलोय."

"आणि दोर माझ्या हातात होता."

 एकमेकांना खोटं पाडत आलेली ती दोन वाक्यं आता शेजारी शेजारी बसू शकत होती. मात्र मी काटेकोरच राहिलं पाहिजे: त्या दिवशीही केबल सरकली होती, असं मी म्हणू शकत नाही. मी पाहिलेलं नाही. शक्यता दाट आहे, इतकंच. थोरल्यानं मात्र पुराव्याची वाट पाहिली नाही. मिस्त्रीनं नट आवळून, तारेनं बांधून, केबल बदलेपर्यंत रोज तपासायला सांगितलं, तेव्हा तो उठून बोटीच्या पुढच्या टोकाला गेला.

"दोर मी धरतो," तो म्हणाला. "तू वर बस. वहिनीजवळ."

धड हातानं दोर धरून तो नेमका त्याच जागी उभा राहिला. वहिनीनं चावीला हात लावण्यापूर्वी त्याच्याकडे एकवार पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "पाय आत घ्या."

त्यानं घेतला.

मिस्त्रीनं हात पुसता पुसता विचारलं होतं, की हा खटका पुन्हा जोडला कुणी? माणूस जाणता आहे. थोरला म्हणाला, मी नाही. असली निळी टोकं माझ्याकडे नसतातच. टोकं निळी आहेत हे खड्ड्यात न वाकता त्याला कसं कळलं, ते मला सांगता येत नाही. वहिनी म्हणाली, मला वायरीतलं काय कळतंय. धाकटा म्हणाला, मी तर आजच बोटीत आलो. तिघांनीही नाही म्हटलं, आणि तिघांनीही ते एकमेकांकडे न पाहता म्हटलं. एकाला भावाची भीती होती, एकीला नवऱ्याची काळजी होती, एकाला स्वतःच्या मनाची टोचणी असेल. कारणं तिघांकडेही पुरेशी आहेत. कारण म्हणजे पुरावा नव्हे.

आता नवी केबल आली आहे. वहिनी रोज सकाळी माणसं चढण्यापूर्वी दोर पक्का बांधून हँडल मुद्दाम पुढे करते आणि चावी फिरवते. मी नाही म्हणतो. मग ती हँडल मध्यावर आणते, पुन्हा फिरवते, मी हो म्हणतो. रांगेतली माणसं हसतात. बाई रोज विसरते, म्हणतात. माझ्यावर असा रोजचा संशय घेणारी व्यक्ती मला प्रथमच लाभली आहे, आणि त्याहून मोठा मान मला नको. धाकटा संध्याकाळच्या फेऱ्या मारतो. दोर अजून थोरलाच धरतो.

मागणं एकच आहे. एखादा नाही म्हणत असेल, तर त्याला खराब ठरवण्यापूर्वी तो काय पाहतोय ते एकदा वाकून पाहावं. वाकायला फार वेळ लागत नाही.

माझं झाकण मिस्त्रीनं उघडलं, तेव्हा त्याला तीनच स्क्रू होते. चौथा खाली पडला असता, तर केबल बदलताना बोटीचा तळ कोरडा करून पुसून काढला, तेव्हा मिळायला हवा होता. तो मिळालेला नाही. मला चोरून जोडणाऱ्याच्या खिशात तो राहिला असावा.