धाग्यावर कोण आलंय?

मित्रांनो, मी एक म्हातारी कोळीण आहे. मासे विकणारी नव्हे, जाळं विणणारी. शिवणकामाच्या एका खोलीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात माझं घर आहे. मला आठ डोळे आहेत, पण त्यांचा उपयोग बेताचाच. जे काही कळतं, ते पायांना कळतं. धागा हलला की कुणीतरी आलं, एवढं नक्की. कोण आलं, हे ओळखण्यात मात्र माझा सारा जन्म गेला आणि अजूनही माझा गोंधळ उडतो.

हा गोंधळ पहिल्यापासूनचा आहे. आम्ही शंभरेक भावंडं एकाच पिशवीतून बाहेर पडलो. काही दिवस एकमेकांना बिलगून गुण्यागोविंदाने राहिलो. मग भूक लागली आणि कालचा भाऊ आज घास वाटू लागला. मी घाबरले, वाऱ्यावर एक धागा सोडला आणि तरंगत या खिडकीत येऊन पडले.

खिडकीखाली शिलाई मशीन होतं. दोघी जावा त्यावर आळीपाळीने शिवत. मशीन सुरू झालं की भिंत थरथरे, चौकट थरथरे आणि माझं जाळंही. सुरुवातीला मी दर वेळी धावत सुटायचे. माशी कुठेच नसायची. हळूहळू मशीनची थरथर बाजूला ठेवून बाकीची ओळखायला शिकले. एकदा शेजारच्या कोपऱ्यातली दांडगी कोळीण माझी शिकार चोरायला जाळ्यावर चढली, तेव्हा मी अंग झोकून जाळं गदागदा हलवलं. ती मुकाट्याने परत फिरली. मला वाटलं, आता आपल्याला सगळं कळतं.

मग एका दुपारी, मशीन जोरात चालू असताना, कडेच्या धाग्याला हिसके बसले. मी धावले आणि चावले. पाहते तो त्यालाही आठ पाय. तो पळाला नाही. एका पायाने धागा तेवढा हलवत राहिला. मी भुकेली होते. मी त्याला खाल्लं. पण तो पळाला का नाही, हे काही मला उमगेना.

काही दिवसांनी मशीनचा पट्टा तुटला आणि खोली कधी नव्हे ती शांत झाली. त्या दिवशी पुन्हा धागा हलला. दोन हलके ठोके, मग थांबणं, पुन्हा दोन ठोके. माशी अशी थांबत नाही. चोर अशी वर्दी देत नाही. मी गोंधळून जागीच उभी राहिले. तो दर पावलाला विचारत विचारत जवळ आला, तेव्हा कळलं, हा माझ्यासाठी आला आहे. आणि तो पहिला आठवला. पहिलाही हेच सांगत होता का? मशीनच्या खडखडाटात ते मला जाणवलंच नाही का? की तो खरंच चोर होता? मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

पुढे मी अंड्यांची पिशवी विणली. तिच्याजवळ बसले असताना एक दिवस झाडू वर आला.

"बघा ना जाऊबाई, ही पिशवी," धाकटी म्हणाली. "फुटली तर घरभर कोळी होतील."

थोरलीने झाडू धरला. "थांब गं. ती पळत नाहीये, बघ. पिशवीला धरून बसलीये."

"मग काय, पुजायचं का तिला?"

"पुजू नकोस. तेवढा कोपरा सोड. पिल्लं गेली की झाड."

धाकटीने तोंड वाकडं केलं, पण झाडू खाली घेतला.

परवा पिल्लं उडून गेली. मित्रांनो, तुम्ही जाळी झाडाल तेव्हा आधी काडीने एक धागा हलवा आणि थोडं थांबा. आत कुणी असेल तर कळेल.

आज सकाळपासून कडेचा एक धागा हलतो आहे, अगदी हलका. मागे राहिलेलं एखादं पिल्लू असेल, किंवा चिलट असेल. मी चार दिवसांची उपाशी आहे. खाली मशीन सुरू आहे आणि काहीच नीट कळत नाही. म्हणून मी पाय आवरून जागेवरच बसले आहे.