बाबलीने घातलेलं गाऱ्हाणं

"मामानु, आमची सेमीफायनल कधी आसा?"

रियाने हे विचारलं तेव्हा कबड्डीची सेमीफायनल नुकतीच संपली होती आणि ती तिनेच जिंकून दिली होती. शेवटच्या चढाईत तिघींनी तिला खाली ओढलं, तिचं डोकं एकीच्या गुडघ्यावर आपटलं, पण हात मधल्या रेषेला लागला होता. आमच्या क्रीडा मंडळाने ताबडतोब तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि नाकाशी कांदा फोडला. आमच्या किनाऱ्यावरचं क्रीडावैद्यक इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

"झाली मगे सेमीफायनल," तिचा मामा बाबली म्हणाला. "जिंकलंव."

"होय? बरा झाला." ती खूश झाली. मग जरा वेळाने, "मामानु, सेमीफायनल कधी आसा?"

बाबलीने तिला सावलीत बसवलं.

बाबली मालवण बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. तरुणपणी तो मंडळाचा डावा कोपरा सांभाळायचा. चढाईवाल्याच्या घोट्याला मिठी मारायची म्हणजे त्याची टाच आपल्या कपाळात बसणार, हे तो धरूनच चालायचा. दर वेळी पाणी, कांदा आणि परत मैदानात. घरात फडताळभर कप आहेत. त्यातले बरेचसे कसे मिळाले ते इतरांनी त्याला सांगितलंय. आता मासळी बाजारात पोचेपर्यंत तो काय आणायला निघाला ते विसरतो आणि बांगडे घेऊन येतो. घरच्यांना बांगडे आवडू लागलेत. दुसरा इलाज नव्हता.

कुडाळच्या डॉक्टर सनोबर मूळच्या विजयदुर्गच्या, त्यामुळे त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं होतं. "बाबलीभाऊ, दणको बसलो काय कवटी थांबता, आतलो मेंदू थांबणा नाय. तो आपाटता, पिळवाटता. आतले बारीक तंतू ताणतत. पेशींच्या भायरचे क्षार आत शिरतत, आतले भायर पडतत. मगे मेंदू सगळी ताकद लावून होडयेतला पाणी उपसूक लागता. उपसून होवच्या आधी दुसरो दणको बसलो तर होडी बुडाक येता. परत परत बसलो तर तंतू झिजतत. साध्या स्कॅनच्या फोटोत ह्यातला बहुतेक काय दिसणा नाय."

बाबलीच्या हे लक्षात राहिलं. होडीचं होतं म्हणून.

मंडळाचा अध्यक्ष जितेंद्र मात्र संध्याकाळच्या फायनलच्या तयारीत होता. त्याने रियाकडे बोट दाखवलं. "चेडू बसला तर फायनल गेली, बाबली. बॅनरवर तेचोच फोटो आसा."

"अरे, पण तेच्या डोक्याक..."

"तुझ्या डोक्याक काय कमी लागला? काय झाला तुका?"

बाबलीला नेमका शब्द आठवेना. उत्तर तेच होतं, पण ते जितेंद्रच्या लक्षात आलं नाही.

"मी खेळतलंय," रिया म्हणाली. "माका काय झाला नाय. आधी सेमीफायनल होवंदे."

फायनलआधी ग्रामदैवत रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही मंडळाची पद्धत. घालणारा बाबलीच. ते शब्द तो लहानपणी वडिलांच्या मागे उभा राहून शिकला होता, कबड्डीच्या आधी, त्यामुळे ते शाबूत होते. एकाने मागणं म्हणायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. ऐकत कोणी नसतं. हात देवाकडे आणि डोळे मैदानाकडे.

"बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या हातापायाक बळ दी."

"व्हय म्हाराजा."

"कोणाची वाकडी नजर लागली आसात, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा."

बाबली थांबला. तो विसरला असं समजून जितेंद्रने पुढची ओळ हळूच पुरवली. बाबलीने ती घेतली नाही.

"आमच्या रियाच्या डोक्याक मार लागलोसा. डॉक्टरीण बरा म्हणीपर्यंत ती मैदानात पाय घालूची नाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. अध्यक्ष असल्यामुळे जितेंद्रचा आवाज सर्वांत मोठा.

मग सगळ्यांचे डोळे मैदानावरून बाबलीकडे वळले.

"ह्या कोणी कबूल केल्यान?" जितेंद्रने विचारलं.

"तू," काशीबाई म्हणाली. तिच्या तीन पिढ्या मंडळातून खेळल्या होत्या. "देवासमोर. मी बाजूकच होतंय."

देवाला दिलेला होकार मागे घेण्याची तरतूद मंडळाच्या घटनेत नव्हती. उलटं गाऱ्हाणं घालावं असं जितेंद्रने सुचवून पाहिलं. पण घालणार कोण?

"माका काय आठवणा नाय," बाबली म्हणाला.

फायनलची शिट्टी झाली तेव्हा मामा-भाची डॉक्टर सनोबरकडे निघालेल्या रिक्षात होती. रियाच्या कपाळाला टॉवेलात गुंडाळलेला कारखान्याचा बर्फ. ती रुसली होती, पण कशावर ते तिला मधूनच विसरायला होत होतं. कुडाळ जवळ आलं तेव्हा जितेंद्रचा फोन आला. एका गुणाने हरले. मात्र त्याने कपांची ऑर्डर उलटी दिल्यामुळे हरलेल्यांचा कप मोठा निघाला होता, आणि गावाने मिरवणूक काढली होती. फोनमधून ढोल ऐकू येत होते.

"मामानु," रियाने विचारलं, "आमची सेमीफायनल?"

"जिंकलंव गो. तुयाच जिंकलंस."

ती नव्याने खूश झाली. अख्ख्या रस्त्यात कितीदा तरी झाली. बाबलीलाही दर वेळी सांगताना तेवढाच आनंद होत होता.

"दवाखानो खंयचो?" रिक्षावाल्याने विचारलं.

बाबलीने आठवून पाहिलं. मग तो सावरून बसला आणि बर्फाचा टॉवेल त्याने नीट धरला.

"सरळ चल," तो म्हणाला. "दिसलो काय माका कळतलो."