बिननावाचं पान

रामहरीचं डोकं पार आऊट झालं होतं. पार्कर असावेत तरी किती! लॅपटॉपवर नुसतं ‘पार्कर’ टाकलं की वारूळ फुटल्यागत पार्कर बाहेर पडायचे. शेतकरी पार्कर, न्हावी पार्कर, बोटीवरून पडून मेलेला पार्कर. वर ती वंशावळ शोधायची साइट विचारणार, त्याच्या बापाचं नाव सांगा, जन्मगाव सांगा, चर्च सांगा.

“अरे बाबा, हे समदं ठाऊक असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?” रामहरी लॅपटॉपवरच खेकसला.

“पप्पा, त्याला ऐकू येत नाही,” प्रतीक्षा म्हणाली. ही त्याची लेक, धाराशिवला शाळेत मास्तरीण. रविवारी ढोकीला आली की बापाला घेऊन या उद्योगाला बसायची.

जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. कोण कुठं चढला, कुठं उतरणार, हे गर्दीतसुद्धा याला तोंडपाठ. आणि स्वतःचा आजा कुठून चढला, कुठं उतरला, तेवढं सापडू नये? त्याला स्वतःचीच चीड यायची.

हा आजा इंग्रज. आडनाव पार्कर एवढंच घरात ठाऊक, पुढचं नाव कुणालाच नाही. छोट्या रेल्वेच्या पुलांवर मिस्त्री म्हणून आला, ढोकीच्या धनगरवाड्यातल्या नागूबाईच्या प्रेमात पडला, बिरोबाच्या देवळात दोघांनी हार घातले. नागूबाईला दिवस गेले, तेव्हा साहेब ‘घरी जाऊन येतो’ म्हणून मुंबईला गेला. महिन्याभरात एका ओव्हरसियरनं निरोप आणला, साहेब बोटीवर तापानं गेला. नागूबाईनं कुंकू पुसलं. पोटातला बिरू मग मामाच्या घरी वाढला, मामाच्याच नावानं शाळेत गेला.

तो बिरू म्हणजे रामहरीचा बाप. घारे डोळे, नव्वदीला टेकलेला, आणि एकच हेका धरून बसलेला. पित्रं घालताना घरातल्या प्रत्येक मेलेल्याचं पान वाढायचं, त्याचं नाव घ्यायचं, मग कावळ्याला हाक मारायची. बिरूआबा बापाचं पान पोरवयापासून वाढत आले होते, पण नुसतं ‘साहेब’ म्हणून. “साहेब म्हणून कुणाला पोचतंय रं? तिकडं समदेच साहेब. एकदा नाव घिऊन वाढू दे, मग मी मरायला मोकळा.”

गेल्या साली वंशावळ सांगणारा हेळवी बैल घेऊन दारात आला, तेव्हा रामहरीनं त्यालाही विचारून पाहिलं. त्यानं मामाच्या सात पिढ्या धडाधड म्हणून दाखवल्या आणि साहेबाचं नाव काढताच कानाला हात लावला. “भायेरचा माणूस आमच्या वहीत चढत न्हाय, मालक.” धान्य मात्र पायलीभर बैलावर चढलं. अयोध्या, रामहरीची बायको, दोन दिवस फणफणत होती.

शेवटी प्रतीक्षानं मुंबईला आलेल्या बोटींवरच्या प्रवाशांच्या याद्या उपसल्या. त्यात पुलाचं काम करणारा पार्कर एकच निघाला, आल्बर्ट, गाव लिंकन. त्याच्या घरच्यांपैकी कुणी आहे का, अशी विचारणा तिनं साइटवर टाकली. आठ महिने चिटपाखरू बोललं नाही. रामहरीनं रोज विचारायचं, तिनं रोज नाही म्हणायचं, मग दोघांनी एकमेकांवर चिडायचं.

पितर पंधरवडा लागला आणि तिकडच्या एका बाईचं उत्तर आलं. आल्बर्ट तिच्या आजीचा भाऊ. सोबत फोटो, पुलाच्या कठड्याला टेकून उभा माणूस, मागं पेन्सिलीनं ढोकी लिहिलेलं. तोंडवळा बघितला आणि रामहरीला हसूच फुटलं. थेट आबा, फक्त टोपी साहेबाची!

“पुढचं वाचा पप्पा,” प्रतीक्षा हलक्या आवाजात म्हणाली.

आल्बर्ट बोटीवर मेला नव्हता. तो सुखरूप घरी पोचला, दोन वर्षांनी लग्न केलं, त्याला चार मुलं झाली, आणि एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली म्हातारपणानं गेला.

रामहरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आबा जित्या माणसाचं पितर घालत होते! बाहत्तरच्या दुष्काळात आबा-आई खडी फोडायला जायचे, सुकडी खाऊन दिवस काढायचे. त्या सालीही या माणसाचं पान वाढलं होतं. आठ-नऊ वर्षांचा रामहरी पत्र्यावरच्या त्या भाताकडं बघत उभा होता. आणि हा तिकडं लेकरांच्यात बसून जेवत होता. हलकट साला!

“आबांना नुसतं नाव सांगू,” तो म्हणाला. “बाकीचं कशाला?”

पण आबा दारातच काठी टेकून उभे होते. “बाकीचं काय?” त्यांनी विचारलं.

लपवणं रामहरीला कधी जमलंच नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. आबांनी फोटो डोळ्यांपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि प्रतीक्षाच्या हातात परत दिला.

“आबा, नाव सापडलंय. अमावस्येला आल्बर्ट म्हणून पान वाढू?”

“नगं. चार लेकरं हायती की त्येला. त्येंनी बघावं.” मग ते खाटेवर बसले. “चौऱ्याहत्तर म्हनला न्हवं? आन् माजी आई कवा गेली?”

“दुष्काळाच्या आदल्या साली.”

“म्हंजी तवा त्यो जिता व्हता.”

रामहरीला अजून कळेना. “व्हय. मग?”

“नवमी कवा हाय?”

अहेव नवमी, नवरा जिता असताना गेलेल्या बायांचा दिवस. नागूबाईचं पान त्या घरात नवमीला कधीच वाढलं नव्हतं.

“परवा,” तो म्हणाला. “पर आबा, त्यानं तिकडं दुसरं लगीन केलं.”

“त्येनं केलं. तिनं न्हाय केलं.” म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली. “हिरवं लुगडं आण, चुडा आण. आई सवाष्ण गेली रं, आन् म्या तिला पांढऱ्या कपाळानं माती दिली.”