काळी एकचा तंबोरा

मित्रांनो, कोपऱ्यात खोळ घालून उभा आहे तो मी, एक जुना तंबोरा. माझा भोपळा भीमेच्या काठी वाढला, दांडी आणि तारा मिरजेत चढल्या. गाणं मात्र मी सोलापुरात, बाळीवेशीतल्या शिवलिंगप्पांच्या घरी ऐकलं. त्यांनी मला काळी एकमध्ये लावलं. पेटीची पहिली काळी पट्टी म्हणजे खालचा, भारदस्त, पुरुषी सूर. त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव गुरुबसप्पाही त्याच सुरात गायले. ‘या घराचा सूर काळी एक’ असं लोक म्हणू लागले आणि मी आधीच गरगरीत, तो आणखी फुगलो.

एकोणीसशे सव्वीस साली गुरुबसप्पांची दहा वर्षांची लेक चंद्रव्वा माझ्यापाशी बसली. घरची रीत अशी, की पहिलं वर्षभर गायचं नाही, नुसतं मला छेडायचं. तिनं ते हूं की चूं न करता केलं. गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की पोरगी हजर. भोंगा बेसूर म्हणून गुरुबसप्पा रोज त्याच्यावर चिडायचे.

दुसऱ्या वर्षी खर्ज सुरू झाला आणि तिथंच घोडं अडलं. खालच्या सुरांवर तासन् तास थांबायचं, आणि चंद्रव्वाचा गळा तर वरचा! हनुवटी छातीला टेकवून ती सूर ओढून आणायची. पंधराव्या वर्षी तिचा आवाज बसू लागला. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं. शेवटी वैद्यांनी महिनाभर गाणं बंद करायला लावलं. “पुन्हा असंच चाललं तर गळा कायमचा जाईल,” ते म्हणाले.

“आजोबांचा सूर हाय. तुझीच मेहनत कमी पडती,” गुरुबसप्पा लेकीला म्हणाले. ती मान खाली घालून बसली.

खरं सांगतो, मला सगळं कळत होतं. समोरचा आवाज फाटतो तेव्हा ते तंबोऱ्याला आधी समजतं. पण मीही माझ्या भारदस्तपणाच्या तोऱ्यात होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

महिना सरत आला होता. एका सकाळी चंद्रव्वाची आई, मल्लव्वा, बैठकीच्या दारात आली. गाण्यातलं तिला काही कळत नाही, असं सगळे धरून चालत.

“अहो, जरा इकडं या की. बोलू नका, नुसतं ऐका.”

स्वयंपाकघरात चंद्रव्वा भाकरी थापता थापता गुणगुणत होती. चीज घरचीच, पण सूर तिचा स्वतःचा, कितीतरी वरचा. आवाज कुठंच अडत नव्हता. गुरुबसप्पा उंबऱ्यातच थांबले.

“तुमचा पटका तिच्या डोक्यावर बांधलाय तुमी,” मल्लव्वा हळूच म्हणाली. “पोरीचं डोळं झाकत्यात.”

ते माझ्यापाशी आले आणि माझ्या खुंट्या सैल केल्या. जाड तारा उतरवून कागदात गुंडाळल्या, बारीक तारा चढवल्या.

“अप्पा, आजोबांचा सूर मोडतोय की!” चंद्रव्वा घाबरून म्हणाली.

“त्यो त्यांच्या गळ्याचा सूर होता, बाळ. मी त्यालाच घराणं समजून बसलो. चुकलं माझं.”

त्यांनी मला काळी चारपर्यंत चढवलं. माझी दांडी कुरकुरली. आता मोडतो, असं वाटलं. मोडलो नाही. चंद्रव्वा गायला बसली आणि तिच्या मागं मला छेडायला खुद्द गुरुबसप्पा बसले. मित्रांनो, त्या दिवशी मला भरून आलं. पुढं कितीतरी बैठकी झाल्या, पण ती सकाळ विसरत नाही.

अडतीस साली गुरुबसप्पा अंथरुणाला खिळले. एका दुपारी चंद्रव्वानं ती कागदाची पुडी सोडली, जाड तारा पुन्हा चढवल्या आणि मला काळी एकवर आणलं.

“अप्पा, तुमच्या सुरात लावलाय.”

त्यांनी थरथरता षड्ज लावला. ती शेजारी बसून मला छेडत राहिली. पहिल्या वर्षासारखीच, स्वतः एक अक्षर न गाता.

माझ्या खोळीत आजही दोन पुड्या असतात, एक जाड तारांची आणि एक बारीक. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला ओलीपासून जपा. आणि तारा चढवण्याआधी, गाणार कोण आहे, ते विचारा.