डावा फेर

मी माशी बोलतेय. उडणारी नव्हे, मासा फसावा म्हणून गळाला पीस बांधून करतात, ती.

मला बांधायला घेतलं धुडकूबाबांनी, डिंडोलीच्या खोलीत. कोंबड्याच्या मानेचं पीस, ते काम करायचे त्या लूमवर उरलेली जरीची तार. बाबा डावखुरे, त्यांच्या दोऱ्याचा फेर उलटा पडे. त्र्याण्णवच्या भाद्रपदात मी अर्धी झाले असताना, "पाणी पाहून येतो" म्हणत ते तापीवर गेले. घरी चपला तेवढ्या आल्या.

त्यांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, मला डब्यात जपलं. कपाळावरचं कुंकू तसंच ठेवलं. "त्या अर्धं काम टाकीसन कधी उठनात नही," बाबांबद्दल म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी रोज एक ताट जास्त वाढायच्या.

दोन वर्षांनी सोनाली सून होऊन आली. बोलायची कमी, बघायची फार. नवरा गजेंद्र त्या ताटाकडे पाठ करून जेवायचा. त्यातला गार भात तिच्या वाट्याला येई. न पाहिलेल्या सासऱ्याचं उष्टं खाणारी आपण एकटीच, असं तिला वाटे.

मी पुरी झाले तर हे वाट बघणं संपेल, असं तिनं धरलं. सासू दळणाला गेल्या की ती बाबांची एखादी जुनी माशी फेर-फेर उलगडायची आणि तशीच परत बांधायची. चारदा दोरा तुटला. पाचव्यांदा जमलं. मग तिनं मला हाती घेतलं.

चूक तिथेच झाली. उलगडून शिकलेली ती. फेर बाबांचाच पडला.

मंगलाबाईंनी माझ्यावरून नख फिरवलं. "डावा फेर शे. त्या येईसन ग्यात."

"आई, ते..."

"ताट गरम वाढ, बेटा."

त्या दिवसापासून मंगलाबाई माझ्याशेजारी रोज एक कोरा गळ ठेवत. सोनाली त्यावर गुपचूप माशी बांधी. सांगायचा धीर होईना.

दिवाळीला ती आठ दिवस माहेरी गेली. परतली तर डब्यात आठ नव्या माशा. सगळ्यांचा फेर डावा.

"आई, या तुम्ही बांधल्या?"

"माले सुईमा दोरा टाकता येत नही." मंगलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "आजवर माले माहीत होतं, तूच बांधस. आते कोन?"

दोघींनी ताटाकडे पाहिलं. भात कमी होता.

झाकण बंद होतं, मला दिसलं नाही. दोरा ओढल्याचा आवाज मात्र आठही दिवस आला. आणि ओल्या बोटांचा वास.

बायांनो, मला तापीत सोडून या. मी तिथे गेले, तर बाबांना इथवर यावं लागणार नाही.