दशक्रियेला आलेले खासदार

आपल्याकडे माणूस गेला की घरात दोन प्रश्न उभे राहतात. मागे राहिलेल्यांचं कसं होणार, हा पहिला. दशक्रियेला कोण कोण पुढारी येणार, हा दुसरा. पहिला प्रश्न बायका आतल्या खोलीत रडत विचारतात, दुसरा पुरुष ओट्यावर बसून. आणि खरं सांगायचं तर जीव तोडून विचारला जातो तो दुसराच.

गोटीराम गेला तेव्हाही हेच झालं. ओझरला कारखान्यात नोकरी, घर महामार्गापलीकडच्या गावात. कामावरून परतताना गावच्या फाट्यावर ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. त्या फाट्यानं याआधीही माणसं खाल्ली होती. तिथं महामार्गाखालून रस्ता काढा, म्हणून गोटीरामनंच गावाच्या सह्या गोळा करून खासदारांना निवेदन दिलं होतं. खासदारांनीही भर सभेत सांगितलं होतं की हा प्रश्न मी लोकसभेत मांडणार, आणि त्यांनी तो खरोखर दाखल केला होता.

गोटीरामचा धाकटा भाऊ सुनील हा खासदारांचा कार्यकर्ता. त्यानं खासदारांच्या मदतनिसाला, श्रेयसला, फोन लावला.

"सुनीलदादा, अधिवेशन चालू आहे," श्रेयस म्हणाला. "आणि गुरुवारी तुमच्या फाट्याचाच प्रश्न लागलाय. प्रश्नांच्या सोडतीत नंबर वर आलाय. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल. साहेबांना दिल्लीत थांबायलाच हवं."

"प्रश्न काय, पुन्हा इचारता येतो," सुनील तडकला. "माझा भाऊ पुन्हा मरणार हाय का? सरपंचांच्या वडलांच्या दशक्रियेला साहेब आले, आन् आमच्याकडं नाय? गाव लक्षात ठेवील, एवढं सांगा त्यांना."

श्रेयसनं फोन धरून ठेवायला सांगून साहेबांना विचारलं. मग श्रेयस म्हणाला, "येतील."

ओट्यावर येऊन सुनीलनं ही बातमी सांगितली तेव्हा दुःखातही त्याची मान ताठ होती. "आपल्याच फाट्याचा प्रश्न हाय त्या दिवशी, तरी साहेब दिल्ली सोडून येताहेत!"

"काका, मग त्यांना येऊ देऊ नका ना," गोटीरामची मुलगी निकिता दारातून म्हणाली. ती नाशिकला कॉलेजात शिकते.

"तुला नाय कळायचं त्यातलं," सुनील म्हणाला आणि फलक छापायला टाकायला गेला. श्रद्धांजलीच्या त्या फलकावर गोटीरामचा फोटो होता, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा खासदारांचा.

गुरुवारी नाशिकला गोदाघाटावर विधी झाले. पिंड मांडले, मंडळी बाजूला सरून कावळ्याची वाट पाहू लागली. तेवढ्यात गाड्या आल्या. झाडून सगळे तिकडे धावले, मोबाइल वर झाले, 'साहेब, इकडून, इकडून' सुरू झालं. पिंडाला कावळा कधी शिवला ते एकट्या चंद्रभागेनं, गोटीरामच्या बायकोनं, पाहिलं. बाकी कुणाचं लक्षच नव्हतं. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे, पण आपल्याला ती वाटत नाही.

खासदार बोलायला उभे राहिले. बोलले छान. गोटीरामचं बलिदान वाया जाऊ देणार नाही, फाट्याचा प्रश्न तडीस नेणारच, वगैरे. लोक माना डोलावत होते. निकिता आईजवळ बसून मोबाइलवर लोकसभेचं कामकाज पाहत होती. तिकडे अध्यक्षांनी खासदारांचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. सदस्य हजर नाहीत म्हणाले, आणि पुढचा प्रश्न घेतला.

निकिता उभी राहिली. "काका, संपलं. आपल्या फाट्याचा प्रश्न आला आणि गेला. तिथं आपलं कुणीच नव्हतं."

खासदारांनी माईक खाली घेतला. "बेटा, लेखी उत्तर मिळतंच."

"लेखीत काय येणार, साहेब? विचाराधीन आहे. तुम्ही तिथं असता तर वर एक शब्द विचारता आला असता, कधी? सगळ्या देशासमोर मंत्र्यांना तारीख सांगावी लागली असती."

खासदारांनी माईक शेजारच्याच्या हातात दिला. मग थोडे चिडूनच म्हणाले, "आणि मी आज आलो नसतो तर? मागच्या अधिवेशनात एका दशक्रियेला नाही आलो, तर 'खासदार दाखवा, बक्षीस मिळवा' म्हणून मेसेज फिरले. तुमच्याच गावातून. लोकसभेत मी काय बोललो, हे मात्र मला आजवर एकानंही विचारलेलं नाही."

ते खरं होतं.

बोलली ती चंद्रभागा. "साहेब, तुमचंबी चुकलं. लोक काय म्हनतील म्हनून काम टाकून येनारा मानूस आम्ही दिल्लीला कशाला धाडायचा? पन आमचं जास्त चुकलं. सुनीलभावजी, रडायला आम्ही होतो की. कमी पडत होतो का? जिथं आपलं कुनी नाय तिथं एक मानूस धाडला होता, त्यालाबी तुम्ही ओढून आनलं. हे गेले ते गेले. उद्या निकिता त्याच फाट्यावरून कॉलेजला जानार हाय, तिचं काय?"

 संध्याकाळी गावात पोचल्यावर सुनीलनं फाट्यावरचा तो फलक स्वतःच्या हातानं उतरवला.

पुढं लेखी उत्तर आलं, 'बाब विचाराधीन आहे.' आणि दिवाळीनंतर त्याच फाट्यावर गावातली साळूबाई गेली, दूध डेअरीला घालून परतताना. तिची मुलं रीतसर सुनीलकडे आली, साहेबांना बोलवा म्हणून. सुनीलनं फोन लावून साळूबाईचं सांगितलं.

"अधिवेशन आहे, पण साहेब येतील," श्रेयस आधीच म्हणाला. "मागच्यासारखा तुमचा राग नको."

"येऊ नका म्हनावं," सुनील म्हणाला. "घाटावर दिसले तर आम्ही सगळे उठून जाऊ. साहेबांना सभागृहात बसू द्या. वेळ मिळंल तेव्हा उठून एवढंच इचारायला सांगा, कधी?"

साळूबाईची मुलं आधी रागावली. मग चंद्रभागा त्यांच्या घरी जाऊन बसली, आणि त्यांनाही पटलं.

वाचकहो, आपण पुढाऱ्यांना शिव्या घालतो, आणि त्यांची परीक्षा घेतो ती लग्नाच्या मांडवात नि दशक्रियेच्या घाटावर. मग ते तेवढाच अभ्यास करतात, त्यात नवल काय? आपल्या दुःखात चार शब्द बोलायला शेजारीपाजारी पुरेसे आहेत. कायद्याच्या घरात आपल्या वतीनं बोलायला मात्र एकच माणूस असतो. तेव्हा यापुढे अधिवेशन चालू असताना तुमचा खासदार तुमच्या दारात हात जोडून उभा राहिला, तर त्याला चहा जरूर द्या. पण आधी विचारा, "साहेब, आत्ता तिकडं आमच्या नावानं पुकारा झाला, तर हजर कोण म्हणणार?"

निकिता तो फाटा अजून रोज ओलांडते.